तीनच होतील

ऐरोली, सेक्टर आठ. गुरुवार. भांडी घासून झालेली.
गॅसच्या बिलाच्या पाठीवर
सात वायनऱ्यांची नावं, हेमांगीच्या तिरक्या अक्षरात.
सात काही जमणार नाहीत, ती म्हणते,
शनिवारी सहाला विटाव्याच्या पुलाखालून निघालो
तरी पडघ्याला चहा, कसाऱ्याला माझं बाथरूम,
घोटी यायलाच दहा. तीनच होतील.

तर खोडायला सुरुवात.

'उतरंड' पहिली गेली :
तळघराला बावन्न पायऱ्या, आणि जयूचा गुडघा.
'काळी बारव' ठेवू, नाव छान आहे, जयू म्हणाली.
जयूने नावावरून बँकही निवडली होती.
बुडाली.
'रायवळ'मध्ये शनिवारी लग्नं लागतात, डीजेसकट. खोड.
तळ्याकाठच्या एकीच्या फोटोंत
सगळ्या मुली मोठ्या टोप्या घालून.
आपल्याकडे कुठे टोपी?
घेऊ की, हेमांगी म्हणाली. राहिली.

गाडी मी चालवायची, हे न बोलता ठरलेलं.
चालवणारीने प्यायची नाही, हेही.
तुझं काय जातंय, जयू म्हणाली, तुला तसाही...
आणि पाण्याची बाटली भरायला उठली.
भरलेलीच होती.

तसाही. हो.
रबाळ्याच्या कंपनीत बावीस वर्षं
मी धण्याचा, बडीशेपेचा, हिंगाचा वास घेऊन पगार घेतला.
डोळे मिटून सांगायचे : हे जिरं मागच्या सालचं,
या पोत्याला ट्रकमध्ये डिझेल लागलंय.
मग तो ताप. बारा दिवस.
तेराव्या दिवशी शेगडीवर दूध करपलं
आणि मी शेजारी उभी राहून पेपर वाचत होते.
कंपनीने स्टोअरला बसवलं. वाईट नाही वागले.
आता खाडीवरून वारा आला की हेमांगी खिडकी लावते,
तिच्या चेहऱ्यावरून मी ओळखते,
ओहोटी आहे.

उरलेल्या चौघींना फोन करायचं काम माझ्याकडे.
शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, वजनकाट्यावर बसून केले.
पहिलीकडची मुलगी पाठ केल्यासारखं बोलली :
ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं,
आधी पेरू येईल, मग ओली माती.
दुसरीकडे मशीन. एक दाबा, दोन दाबा.
तिसरीने विचारलं, ग्रुप किती जणांचा, कॉर्पोरेट का?
चौथीचा फोन उचलणारा माणूस दमलेला होता,
मागे ट्रॅक्टर चालू.
मी सगळं एका दमात सांगून टाकलं :
आम्ही तिघी. एकीचा गुडघा दुखतो. एक गाडी चालवणार.
चालवणारीला वास येत नाही.

घरात इतकं सरळ कधी म्हटलं नव्हतं.

ट्रॅक्टर बंद झाला.
मग टेस्टिंगचे पैसे दोघींचेच घेऊ, तो म्हणाला.
आणि तुम्ही तोडणीला या, दव असतं तोवर.
घड गार असतात. कात्री देतो मी.
दहा मिनिटांत हात असे चिकटतात,
फोनसुद्धा धरता येत नाही.

यादीत तिचं नावही नव्हतं.
'गोंदे फाट्याच्या पुढची, हिरवं गेट', एवढंच.

कशी वाटली? हेमांगीने रात्री विचारलं.
म्हटलं, पार्किंग सपाट आहे. जयूला बरं.
ती पहिली. बाकीच्या दोन तुम्ही ठरवा.
पण मग चारला निघावं लागेल.
चारला! हेमांगी ओरडली,
आणि मुकाट्याने गजर लावायला घेतला.

झोपण्याआधी खाली जाऊन
डॅशबोर्डमध्ये ओल्या रुमालांचं पाकीट ठेवून आले.
लिफ्ट वर आली, दार उघडलं,
मी आतच उभी.
परत खाली गेले.
काढून आणलं.