चुरी

संत्र्याच्या शेडमध्ये मशीनला चार फटी आहेत.
मोठं फळ शेवटपर्यंत जातं, मधलं मध्ये पडतं,
आणि जी पहिल्याच फटीतून गळते
ती चुरी.

पाच हंगाम मी याच पट्ट्यावर उभी होते.
सहाव्याला शेठनं खुर्ची दिली,
लाल प्लास्टिकची, एक पाय किंचित आखूड,
आणि रजिस्टर.
त्याआधी नागपूरला एक दिवसाचं शिबिर.
निळ्या शर्टातल्या साहेबांनी फळ्यावर लिहिलं,
"सगळ्यांना सोबत घ्या."
आम्ही वहीत उतरवलं.
समोसे बरे होते.

शेडमध्ये बावीस जण.
देवमन सोनोने कॅरेट उचलतो,
त्याला जन्मापासून ऐकू येत नाही.
सुगरती कास्देकर मेळघाटातली, हंगामापुरती.
तिचं नाव मी महिनाभर सरस्वती लिहिलं.
तिनं महिनाभर सरस्वतीला ओ दिली.
वत्सलाबाई घरून तांब्या आणतात, झाकण घट्ट लावून,
"मले माठाचं पाणी बाधते, बाप्पा."
माठ भरायचं काम सुगरतीकडे आल्यापासून बाधतं
हे मला दिसलं होतं.
दिसलं होतं, एवढंच.

मृग बहार जोरात होता.
रोज जेवणानंतर, भोंग्याच्या जरा आधी,
सुगरती चुरीतलं एक फळ उचलून
जमिनीवर सोडायची, शेडभर घरंगळत.
तीनदा पाहिलं. चौथ्यांदा रजिस्टर उघडलं.
सरस्वती का., मालाची नासाडी, दहा रुपये.
तिनं आकड्याकडे पाहिलं
आणि परत ओळीत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, फळ आलं नाही.
देवमन पट्ट्याखाली वाकून
अडकलेली डहाळी काढत होता
आणि रोलर फिरले.
बाही आत गेली. शर्टाची.
हात बाहेर राहिला, कसा राहिला
ते अजून कोणाला नीट सांगता येत नाही.
बटण मी दाबलं की शेजारच्या पोरानं,
तेही नाही.

"भोंगा त्याले नाई समजत, मॅडम.
फळ समजते.
पायापाशी आलं का हात काढते."
कधीपासून?
"पयल्या दिवसापासून."

मग या शेडची मुकादम कोण होती?
खुर्चीत तर मी बसले होते.

रात्री दहा रुपये खोडले.
सरस्वती खोडलं, सव्वीस ठिकाणी.
सुगरती लिहिताना पहिला सु दीर्घ झाला,
तोही खोडला.
सोमवारी पट्ट्यावर लाल बल्ब बसला,
भोंग्याआधी पेटणारा.
शेठ म्हणाले, "एका माणसासाठी?"
मी म्हटलं, "हो."
एवढं म्हणायला सहा हंगाम लागले.

माठाचं पाणी मी सगळ्यांसमोर प्यायले, दोन ग्लास.
काही झालं नाही.
म्हणजे खरंच काही झालं नाही,
तांब्या येतच राहिला.
शिबिराच्या वहीत याचं उत्तर शोधलं,
पुढच्या पानावर बहिणीच्या किराण्याची यादी होती.

होळीला सुगरती गावी गेली.
त्याच आठवड्यात बल्ब उडाला,
कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.
दुपारी भोंग्याकडे हात नेला
तर ओळीच्या पायांमधून एक चुरी
घरंगळत, अडखळत, थोडी वाकडी होत
देवमनच्या चपलेला जाऊन टेकली.
त्यानं हात काढला. वर पाहिलं.
मीही पाहिलं.
वत्सलाबाई पदराला बोटं पुसत होत्या,
तांब्याकडे तोंड करून.

त्या दिवशी नासाडीच्या रकान्यात
मी लिहिलं, एक नग.
पैशांचा रकाना कोरा ठेवला.
मग पोराला बल्ब आणायला पिटाळलं.