निरंक

शाळेत फळ्यावरचा सुविचार माझ्या अक्षरात असायचा.
शाहूपुरीत, पेढीवर, तेच अक्षर
साठा रजिस्टर लिहायला लागलं. पगार अकरा हजार,
दिवाळीला साडी आणि पाच किलोचा रवा.
तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे,
वैजंताबाईंची वही म्हणजे बघतच राहावं.

खरी वही काळी होती.
पानांना गुळाची बोटं,
धनपाल हमालाचा अंगठा, चहाचं वर्तुळ.
दमट हवेत दोन पानं एकमेकींना धरून बसायची,
सोडवताना एखादा आकडा फाटायचा.
साखरेची पोती तिच्यात होती, रात्री
वडणग्याच्या गुऱ्हाळाला जाणारी, तारीखवार.
आणि कोपऱ्यांवर मुंग्या. कायम मुंग्या.

दुसरी वही मी एका रात्रीत लिहिली.
नोव्हेंबर ते मार्च, एकाच पेनानं.
साखर खरेदी: निरंक. रंग: निरंक. पावडर: निरंक.
तात्यांनी मधेच भडंगाचा पुडा फोडला,
म्हणाले, "खा की, हात दुखला असंल."
दुखत नव्हता.
निरंक हा शब्द माझ्या हातून फार देखणा उतरतो.
र च्या माथ्यावर गोल टिंब,
गंध लावल्यासारखं.

मुजावर मॅडम आल्या तो मंगळवार.
गाडी दाभोळकर कॉर्नरला वळली तेव्हाच फोन आलेला.
मागच्या दारानं पोती निघत होती
आणि पुढच्या दारात मी.
किल्ली मालकांकडं आहे, मालक नरसोबाच्या वाडीला गेलेत.
किल्ली माझ्या मुठीत, घामानं गरम.
चहा घ्या म्हटलं. नको म्हणाल्या.
ओळखपत्र दाखवा म्हटलं. दाखवलं.
आत अंधार आहे, घूस आहे, तुम्ही एकट्या...
"बाई, तुम्ही अडवताय मला.
ह्याला कलम आहे. तीन महिने, लाख रुपये."
रागानं नाही. पुढं रस्ता खणलाय
हे कुणी जाताजाता सांगावं, तसं.

मागं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज
आम्ही दोघींनी ऐकला.

मग त्यांनी वही मागितली. मी अभिमानानं दिली.
हे कोर्टात सांगायचं राहून गेलं. अभिमानानं.
पानं सुटी सुटी उलटत गेली, कोरडी,
लग्नपत्रिकेसारखी.
त्यांनी वही नाकाशी धरली.
"गुळाच्या पेढीतलीच ना ही?
पाच महिन्यांत एक मुंगी नाही?"

बावड्याच्या कोर्टात तात्या म्हणाले,
"आम्हाला काय कळतंय त्यातलं. लिहिणं सगळं बाईंकडं."
ह्यात खोटं काही नव्हतं.
धनपाल साक्षीला आला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून.
काळी वही त्यानंच जपून ठेवलेली,
जोंधळ्याच्या कणगीत. का, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

कारकून फॉर्म भरत होता.
नाव, वय, राहणार.
पूर्वीचे गुन्हे:
आणि तोच शब्द, त्याच्या हातचा,
पाय ओढत चाललेला, टिंब नि वर.
मी बोट ठेवून म्हटलं,
साहेब, टिंब र वर येतं.
त्यानं वर बघितलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं.