सतरा एक

केमीच्या लाकूडगिरणीत सायमी कार्पिनेन
नदीतून येणाऱ्या ओंडक्यांची नोंद ठेवायची.
ओंडका आला की एक उभी रेघ,
दुसरा आला की तिला खेटून दुसरी.
आपला १ मान वळवून बघतो तरी;
तिकडचा नुसता उभा,
साल सोललेल्या भूर्जाच्या सोटासारखा.

सरपण टाकायला आलेला ओइवा, वय वर्षं नऊ,
वहीत डोकावून म्हणाला,
"हे कुंपण आहे की आकडा?"
तिने मोजल्या. सतरा.
"आकडा," ती म्हणाली,
आणि मग रात्रभर झोप येईना.

आपल्या मोजणीत हा
परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबतो.
तिला कुठला परार्ध माहीत!
तिला एवढंच दिसत होतं:
तीनने जात नाही, सातने जात नाही, अकराने जात नाही.
सगळीकडून सारखा. धरायचा कुठून?

जानेवारीत, दुपारीच अंधार पडतो तिथे,
तिला वाट सापडली:
हा फुटलाच, तर चौतीसच्या ढांगा टाकत जायचं
आणि वर एक पाऊल,
अशाच ठिकाणी फुटेल, दुसरीकडे नाही.
मूळ संख्यांचं कोष्टक हेलसिंकीहून मागवलं, पोस्टाने.
एकशे तीन. बाकी.
एकशे सदतीस. बाकी.
दोनशे एकोणचाळीस.
रोज रात्री सहा-सात भागाकार,
पगाराच्या रद्द पाकिटांच्या पाठीवर.
हातचा तेवढा लक्षात ठेवायची, हातातलं सगळं विसरायची:
ताटलीतला मासा, विझत आलेली चूल,
बहिणीचं न फोडलेलं पत्र.
उन्हाळ्यात नाही. उन्हाळ्यात नदीत ओंडके असतात.

अकरा हिवाळे.
साठ हजार नऊशे तेहतिसाव्या ढांगेला,
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने
भाग गेला.
तिने उलट गुणून पाहिलं. पुन्हा पाहिलं.
गार झालेली कॉफी तशीच पिऊन टाकली.
मग भागाकाराकडे बघत बसली:
५३६३२२२३५७.
बाहेरून एकाच मापाच्या फळ्या,
आणि आत हा बाजार,
मधोमध तीन दोन एकमेकांना चिकटून,
जणू थंडी वाजतेय.

ओइवा तेव्हा वीस वर्षांचा,
आकडी लावलेली काठी घेऊन धक्क्यावर उभा.
"म्हणजे कुंपणाला फाटक होतं," तो म्हणाला,
आणि त्याच काठीने बर्फावर रेघा ओढत गेला,
ओढत गेला,
दोन जास्त.

एकोणीस.
हा परार्ध ओलांडून एक घर पुढे जातो,
जिथे आपल्याकडचीही नावं संपतात.
याला फाटक नाही. एक, आणि तो स्वतः, बस.
जगात चार लोकांना हे ठाऊक असेल,
केमीत कुणाला नव्हतं.

सायमीने नवी वही काढली, समास आखला.
ढांग आता अडतीसची.
एकशे एक्याण्णव.
बाकी.