नावाच्या शेवटचा अ

खानापूरच्या सरकारी हायस्कुलात
शाळा तीन होत्या, घंटा एकच.
रेल्वेच्या रुळाचा तुकडा. दस्तगीर शिपाई तो बडवायचा
आणि त्या ठणक्याला कुठलंच माध्यम नव्हतं.

पुढच्या कौलारू इमारतीत कन्नड,
मागं पत्र्याखाली आम्ही,
विहिरीकडच्या दोन खोल्यांत उर्दू.
नळ मधोमध. तिथं
जो आधी पोचेल त्याची भाषा चालायची.

जांबोटीची गाडी चुकली की निम्मा वर्ग गैरहजर.
कणकुंबीच्या पोरांच्या वह्या
चुलीवर वाळवलेल्या, धुराच्या वासाच्या.
शिरीन मुल्ला तिन्ही भाषांत शिव्या द्यायची
आणि चौथीत, इंग्रजीत, नापास व्हायची.

आठवीत कन्नड शिकवायला हुक्केरी सर आले.
आमची नावं त्यांनी पटावर स्वतः उतरवून घेतली,
जांभळ्या शाईनं, गोल गोल,
उंडे करून ठेवावेत तशी.
मग वाचायला लागले:
परशरामा.
उत्तमा.
मनोहरा.
वैजनाथा.

वर्ग फिसकन हसला.
मारुती तेवढा मारुतीच राहिला, तो हिरमुसला.

आपण नाव लिहितो आणि शेवटाला तोंड मिटून घेतो.
त्यांच्यात लिहिलेलं अक्षर पुरतं म्हणायचं,
शेवटचा अ सुद्धा
ताटात शीत टाकावं तसा टाकायचा नाही.
हे मला फार पुढं कळलं.
तेव्हा एवढंच कळलं
की नाव असं फक्त हाक मारताना होतं,
तिन्हीसांजेला, परसातनं,
कुणीतरी जेवायला बोलावताना.

मला तसं बोलावणारी
म्हापशाला काजू सोलत होती.
मामाच्या घरात मी वैज्या, नाहीतर नुसतं ‘ते’.
‘ते आलंय काय बघ गा.’

बाकीचे ‘हजर’ म्हणून बसायचे.
मी म्हणायचो, ‘बंदीन्री.’
आलोय जी.

केंपव्वा तळवार पुढच्या इमारतीतली.
खो-खोच्या यादीत तिचं नाव मी मराठीत लिहिलं.
तिनं ते मलाच वाचायला लावलं, म्हणाली,
‘लांब झालं. आमचा ए एवढा लांब नसतो.’
मी मात्रा खोडली, अर्धी काढली, पुन्हा खोडली.
आपल्या लिपीत तेवढी आखूड जागाच नव्हती.
‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘वळख लागतीय.’
आणि बूट काढून मैदानात पळाली.

एक नोव्हेंबरला पुढं लाल-पिवळा झेंडा,
मागं आमच्या शर्टांना काळ्या फिती.
माझी मामानं घरातनंच टाचून दिलेली.
दोन तारखेला फाटकावरच्या पाटीला डांबर.
कुठल्या ओळीला, ते विचारू नका,
एका वर्षी हिला, एका वर्षी तिला.

त्या दिवशी वर्गात आम्ही अकराजण.
सरांनी पट उघडला
आणि पंचावन्न नावं वाचली,
नसलेल्यांचीही, तितकीच सावकाश,
प्रत्येकानंतर बाकाकडं बघत.
परशरामा.
बाक.
उत्तमा.
बाक.
टाचणीनं टोचलेलं बोट तोंडात धरून
मी माझी पाळी यायची वाट बघत होतो.
खिशात फीत होती. सरांना ती दिसली असणार,
खिसा काही खोल नव्हता.

शाळा सोडल्याचा दाखला माझा कन्नडात आहे.
कोल्हापुरात, नोकरीच्या कागदांसाठी,
खिडकीतल्या कारकुनानं तो आधी उलटा धरला.
‘ह्यात तुमचं नाव कुठाय?’
मी बोट ठेवलं.
‘वाचा की.’
माझ्यामागं रांग होती, कुणीतरी खोकत होतं.
मी वाचलं. सगळं,
शेवटापर्यंत.

त्यानं मान वर करून माझ्यामागं पाहिलं.
‘कुणाला हाक मारताय?’