बारकं जहाज

"मोठ्यावरून बारक्यावर?" बापूंनी इस्तरी उभी केली.
"काढलं का काय रे तुला?"
देगलूर रोडवर दुपारचे दोन, पत्रा तापलेला,
फोनवर सहा महिने हे सांगितलं नव्हतं मी.
म्हणालो, नाही बापू, बढती हाय.
बापूंनी बाहेर बघितलं,
जशी बढती रस्त्यानं चाललीय
आणि त्यांनाच दिसेना.

कसं सांगावं.
आधीचं जहाज म्हणजे आपली अख्खी पेठ
पंधरा मजल्यांत रचलेली, वर घसरगुंडी,
चार हजार माणसं,
माझ्या एकवीस खोल्या, दिवसातून दोनदा.
सात वर्षं मी चेहरे बघितलेच नाहीत,
उशा बघितल्या.
उशीवरून कळतं कोण रडलं, कोण केस रंगवतं,
नवरा-बायको कुठल्या कडांना झोपले.
छातीवरच्या बिल्ल्यावर हणमंत होतं,
त्यांनी पहिल्याच आठवड्यात हँक केलं.
एकदा आईला फोनवर चुकून म्हणालो, हॅलो, हँक बोलतोय.
ती म्हणाली, राँग नंबर.

रोज रात्री टॉवेलचा एक प्राणी पलंगावर ठेवायचा.
माकड, बदक, हत्ती.
हत्ती मला चाळीस सेकंदांत यायचा.
शेवटच्या दिवशी पाकिटं: कुणाचे वीस डॉलर,
कुणाचं नुसतंच थँक्यू,
एकदा एका पोरानं खडूनं काढलेला हत्ती,
माझ्या हत्तीपेक्षा लांब सोंडेचा.
तो अजून बॅगेच्या कप्प्यात हाय.

बारक्यावर खोल्या शंभर, माझ्या वाट्याला सहा.
लोक चढायच्या आधी फोटो येतात, नावं पाठ करायची.
कुणाला कडक उशी, कुणाला पडदा बोटभर उघडा,
कुणाची बायको गेल्या साली वारली,
तिचं नाव काढायचं नाही.
पावलांचा आवाज नको.
बक्षिसी घ्यायची नाही, ती तिकिटातच असते.
आणि टॉवेलचे प्राणी नकोत.
ट्रेनिंगवाली बाई हसून म्हणाली, ते तिकडचं.
चार घड्या, कड दाराकडं, बस्स.

तिथं मला हणमंत म्हणतात.
एक म्हातारी तर घोकायची, ह-ण-मं-त,
'ण'ला अडायची,
रोज सकाळी माझ्या तोंडाकडं बघत.
खरं सांगू, मला लाज वाटायची.
हँकला लपता यायचं.

मोठ्यावर, पार खाली, पाण्याच्याही खालच्या मजल्यावर
आम्ही तिघं मराठी होतो, एक परळीचा, एक रत्नागिरीचा.
शनिवारी शेंगदाण्याची चटणी वाटून खायचो
आणि पोटभर शिव्या द्यायचो.
बारक्यावर मी एकटा.
चादर ताणताना मीच विचारतो, का करायलास रे,
मीच म्हणतो, काही नाही, चाललंय.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं.
मग एका शर्टाची कॉलर उलटून शाईची खूण बघितली.
"हे बिरादार मास्तर.
उजव्या खांद्याला पिशवी अडकवतात, बघ, तिथं झिजलंय.
वरची गुंडी पोरीनं लावलेली, दोरा वायला हाय.
मास्तरीण गेल्यापासून.
मास्तरांना मी कधी म्हणालो नाही
की मला म्हाईत हाय."
इस्तरी फिरली, वाफ आली, गेली.
"त्या म्हातारीला काय म्हाईत हाय तुझं?"
नाव, म्हणालो. आणि उदगीर.
"उदगीरचं काय?"
तिनं विचारलं, तिथून समुद्र किती लांब.
मी म्हणालो, एक रात्र आणि वर एक बस.
बापू हसले नाहीत.
"सहाच खोल्या," एवढंच म्हणाले,
आणि पुढचा शर्ट घेतला.

दिवेलागणीला समृद्धी मागं लागली, मामा, हत्ती कर.
घरचा पंचा पातळ, सोंड उभी राहीना,
तीनदा केला, तीनदा तोंडावर पडला.
बापू उठले. पाणी शिंपडलं, जराशी खळ लावली,
राखेखालचा कोळसा फुंकला.
"धर नीट," म्हणाले,
"सोंडेला इस्तरी मी करतो."