बर्फाच्या कारखान्यात ट्रायल

नतालीन आल्मेडाने काउंटरवर गाठोडं सोडलं
आणि मी आधी पंखा बंद केला.
साडेतीन वार. उंटाच्या रंगाचं. हात ठेवला तर हात बुडाला.
तिच्या बापाने बोटीवरून आणलेलं, बायकोसाठी.
बायको म्हणाली होती, वेंगुर्ल्यात हे घालून काय चुलीत बसू?
तेव्हापासून ट्रंकेत, कापूर नि काळी मिरी घालून
एकोणीस वर्षं.
आता आई नाही, बाप खाटेवर,
आणि पोरगी निघालीय नर्स होऊन अशा गावाला
जिथे म्हणे श्वास मिशीवर गोठतो.
"तुला कुठाय मिशी," मी म्हटलं,
आणि टेप काढली.

मी आजवर शिवलंय काय?
शाळेचे गणवेश, पोस्टमनची खाकी,
दशावतारातल्या संकासुराचा काळा झगा,
नवरदेवांचे टेरीकॉटचे कोट,
जेवणाच्या पंगतीआधीच खुर्चीच्या पाठीला लागणारे.

ही लोकर निराळी. हिला लव आहे.
एका अंगाने हात फिरवा, झोपते,
उलटा फिरवा, रंग बदलून बघते.
सगळे तुकडे एकाच दिशेने, खांद्याकडून खाली,
नाहीतर एक बाही सकाळची, एक संध्याकाळची.
आणि मधोमध तांदळाएवढं भोक. कसर.
मिरीला न भ्यालेली एकटीच कोणी.
तीन रात्री कागद फिरवत बसलो,
शेवटी ते भोक कॉलरच्या पोटात ढकललं.

घरात आठ दिवस बांगडा तळायचा नाही, मी सांगितलं.
इंदुमती म्हणाली, "कोणाचा सुतक?"
लोकर वास पिते गो.
हाताला पावडर, कपाळाला पंचा,
मशीनच्या पायाचा दाब सैल, टाका लांब,
कापडावर पतंगाचा कागद,
शिवण जाड होईल तिथे पायामागे काडेपेटी.
इस्त्री टेकवायची नाही. ओलं फडकं,
त्याच्यावर इस्त्री अधांतरी,
वाफ तेवढी उतरू द्यायची. मग थोपटायचं,
भाकरी थापतात त्याच्या निम्म्या हाताने.

कोट कच्च्या टाक्यांवर उभा राहिला
आणि मी अडलो.
थंडी कशी असते?
माझी सगळ्यात मोठी थंडी आंबोलीच्या एका लग्नातली,
तीही शाल पांघरून.

धुतलेल्या चादरीत कोट गुंडाळला, सायकल काढली,
थेट बंदरावर, केळुसकरांच्या बर्फाच्या कारखान्यात.
"मास्तरानू, चैतात कोट?" जयवंत म्हणाला.
म्हटलं, बाहेरून दार लाव.
एक बाही पुरी, एक नुसती टाचलेली,
मी लाद्यांच्या मधे उभा. अमोनियाचा वास,
(वासाचं नंतर बघू)
दिव्याभोवती धुकं, बाहेर खलाश्यांचं हसणं.

थंडी समोरून येत नाही, हे तिथे कळलं.
ती मानेतून उतरते, मनगटातून चढते,
दोन बटणांच्या मधे वाट बघत बसते.
आणि बोटं कुणा दुसऱ्याची होतात.
मी केलेलं इतकं सुबक काज,
त्यातून माझंच बटण जाईना.

घरी येऊन उसवलं.
उरल्या कापडातून नवी कॉलर, कानापर्यंत उभी राहील अशी.
काजं मोठी, बटणं मोठी, बाहीच्या आत दुसरी बाही,
विणलेली, मनगट धरणारी.
जुनी कॉलर फुकट घालवली नाही,
भोक रफू करून आत चोरखिसा केला.
कशासाठी ते तिचं ती ठरवेल.

कोट न्यायला आली तेव्हा ऊन पायाला चिकटत होतं.
तिने तो तसाच चढवला, मला घेऊन घरी गेली,
घामाने निथळत खाटेपाशी उभी राहिली.
म्हाताऱ्याने हात पुढे केला
आणि बाहीवर फिरवत राहिला. उलटा. लवेच्या विरुद्ध.
मी काही बोललो नाही.

अजून कारखान्यावरून जातो तेव्हा
हात मानेकडे जातो, कॉलर वर करायला.
अंगात नुसती गंजी.