तोटे भरण्याचे रविवार

वडील गेल्यावर बंदूक माझ्या नावावर झाली.
दीड वर्ष लागलं: सात-बारा, दोन जामीन,
तलाठ्याचा दाखला, 'पीक संरक्षणार्थ', निळा शिक्का.
तोटा कसा भरायचा ते
कुठल्याच कागदावर नव्हतं.

म्हणून रविवारी, परुळ्याच्या वरच्या वाडीत,
मिस्स आटोपून आलेल्या पास्कू मेस्त्रींच्या मांगरात.

पहिल्या दिवशी नुसतं झाडून घ्यायला लावलं.
मग चूल बाहेर नेली. उभं राहून वारा बघितला.
"खाडीकडसून येता. तू हय उबी ऱ्हव,
धूर तिकडे जांवदे."
फुटक्या काठाच्या कढईत पागाचे झिजलेले मणी.
बॅटरीचं शिसं मी नेलं होतं, ते हातातही घेतलं नाही.

"पाणी लांब ठेव. घामाचो थेंबसुद्धा नको."
का, ते विचारायच्या आत बाही वर केली:
मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे ठिपके,
जसा कोणी चुना शिंपडलाय.

शिसं वितळलं की दुधासारखी साय धरतं,
पण करडी.
ती बाजूला सारली की खाली
ऐन दुपारची खाडी, भरतीच्या आधीची,
हलत नसलेली.

गार झालेल्या गोळीवर नखानं रेघ उठते.
"मऊ आसा. घाईत पळवलंस तर नळयेक चिकाटतला,
मगे घासत बस.
कमीतसून सुरवात कर गो.
जोर काय, कोणाकय येता."

तोटे बऱ्याच रविवारांनी हातात आले.
पितळी, वडिलांच्या वेळचे, तोंडाशी काळवंडलेले.
एकेक उजेडात फिरवायचा, चीर दिसली की बाद.
माप वहीत लिहायचं, डोळ्यावर विसंबायचं नाही.
दारू घालून झाली की सगळे रांगेत उभे करायचे,
वरून टॉर्च मारायचा
आणि प्रत्येकाच्या आत वाकून बघायचं,
विहिरीत बघतात तसं.
इसाबेलबाय चहाला हाका मारत राहायच्या.
चहा निवायचा.

एकदा माझा फोन वाजला.
कुडाळची मावशी. मी म्हटलं, दोनच मिनिटं.
परत आले तर मेस्त्री
माझे अकराच्या अकरा तोटे कागदावर रिकामे करत होते.
"परत," म्हणाले.
बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता:
"इनासाशी बोला होतंय. फुटबॉलाचा कायतरी.
एका तोट्यात दोनदा पडली.
बार तेनाच काढलो."

इनासला मी ओळखते.
सायकलच्या दुकानात तो माझ्याशी बोलताना
सगळी मान वळवायचा.
लहानपणी वाटायचं,
किती लक्ष देऊन ऐकतो हा माणूस.

सध्या आचारसंहिता आहे, बंदूक ठाण्यात जमा.
वीस तोटे कुलपात, वहीत वीस.
रात्री कणगरांत डुकरं शिरतात
आणि मी पत्र्याचा डबा बडवते.
उरलेल्या शिशाचे मेस्त्रींनी
पुन्हा पागाचे मणी ओतले. ते ओवायला
आज दिवसभर मी होते.

आता साबण. नखांच्या आत, मनगटापर्यंत,
मग पुन्हा एकदा.
भाकरी झाकून ठेवली आहे.
फोन वाजतोय.
हात कोरडे होईपर्यंत
वाजू दे.